जेलातल्या टीव्हीला भाडं असतं का? वाचकांची पत्रं आणि उत्तरं

मागच्या अंकात जेलातली मुलाखत, म्हणजे घरच्यांची भेट, आणि मनीऑर्डर या विषयावर लिहिलं, त्यावर आलेली बरीचशी पत्रं फिरून फिरून टीव्हीवरच येतात. आतल्या माणसाला टीव्ही बघायला मिळतो का, त्याचे पैसे कोण देतं, कोण मागतं, नाही दिले तर काय होतं. बाहेरच्या माणसाला हा प्रश्न बारीक वाटेल. पण ज्यांच्या घरातलं कुणी आत आहे त्यांच्यासाठी तो बारीक नाहीये, कारण संध्याकाळी बराक बंद झाल्यापासून सकाळी उघडेपर्यंतचा वेळ आतल्या माणसाने कसा काढायचा हाच तो प्रश्न आहे. म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच दिलीय. कुणाचंही नाव छापलेलं नाही, गावं तेवढी ठेवलीत.

ताई, माझा मुलगा शिकायला इंग्लंडला गेला, तिथं एका केसमध्ये अडकला आणि शिक्षा झाली. फोनवर म्हणतो आई दर आठवड्याला टीव्हीचे पैसे कापतात. आमच्या ह्यांना वाटतंय पोरगं पैसे मागायला काहीतरी सांगतंय, जेलात कुठं टीव्हीचं भाडं असतंय का. आता म्हणतो टीव्ही काढून नेला. आम्ही पैसे पाठवले नाहीत म्हणून नेला का? डोळ्याला डोळा नाही. — एक आई, मिरज

मावशी, आधी हे काकांना वाचून दाखवा. मुलगा खोटं बोलत नाहीये. इंग्लंड-वेल्समधल्या जेलात खरंच कोठडीत टीव्ही असतो आणि त्याचं खरंच भाडं असतं, आठवड्याला १ पाउंड. एका कोठडीत दोघं असतील तर प्रत्येकी अर्धा पाउंड. १९९० च्या दशकात तिथं आधी थोड्या जेलांत हा प्रयोग झाला, मग १९९८ मध्ये जॅक स्ट्रॉ गृहमंत्री असताना तो सगळीकडे न्यायचं ठरलं. २०१३ पासून खाजगी कंपन्या चालवतात त्या जेलांतही हेच भाडं लागू झालं, आणि पैसे भरून बघायचे सॅटेलाइट चॅनेल बंद केले. म्हणजे तुमच्या मुलाला दिसतात ते मोजके फुकटातले चॅनेल, काही चैन नव्हे.

आता १ पाउंड म्हणजे आपले शंभर-सव्वाशे रुपये, तेवढ्याचं काय एवढं असं इथं बसून वाटतं. पण तिथं आतल्या कैद्याची कमाई बघा. काम असेल तर आठवड्याला कमीत कमी ४ पाउंड आणि काम करायची तयारी आहे पण जेलकडे काम नाही अशाला अडीच पाउंड, हा किमान दर कित्येक वर्षं तिथंच अडकून पडलाय. अडीचमधला एक टीव्हीला गेला की उरलेल्या दीड पाउंडात साबण, फोन, चहा-साखर, सगळं आलं. फोनसुद्धा त्यातूनच, म्हणजे तो तुम्हाला मिरजेत फोन करतो ते पैसेही त्याच खात्यातले. त्यामुळे तो पैशाची भाषा बोलतो याचा राग मानू नका.

आता तुमचा खरा प्रश्न. तुम्ही पैसे पाठवले नाहीत म्हणून टीव्ही काढला असं मला वाटत नाही. तिथं वागणुकीच्या पायऱ्या असतात, १९९५ पासून ही पद्धत आहे. सगळ्यात खालच्या पायरीला बेसिक म्हणतात आणि त्या पायरीवर गेलं की कोठडीतला टीव्ही सहसा जातो. ऑफिसरशी वाद, कामावर न जाणं, कोठडीत नको ती वस्तू सापडणं अशा कारणांनी माणूस खाली येतो, आणि सुधारला की परत वर जातो, ती पायरी ठरावीक काळाने तपासली जाते. तर फोनवर त्याला एवढंच विचारा, तू बेसिकवर आहेस का आणि कारण लेखी दिलंय का. रागाने नको, साधेपणाने विचारा. निर्णय चुकीचा वाटत असेल तर त्याने विंगमधूनच तक्रारीचा फॉर्म भरावा, तिथंही न्याय नाही मिळाला तर तुरुंगांसाठी स्वतंत्र लोकपाल आहे त्याच्याकडे जाता येतं, आणि प्रत्येक जेलात बाहेरच्या नागरिकांचं एक देखरेख मंडळ असतं त्यांनाही सांगता येतं.

पैसे पाठवायचेच असतील तर ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटवरून डेबिट कार्डाने पाठवायची सोय आहे, त्याला मुलाचा कैदी नंबर आणि जन्मतारीख लागते. त्याच्या "मित्राच्या" खात्यावर पाठवू नका, कुणी कितीही गळ घातली तरी. आणि एक, तुम्ही विचारलं नाहीये पण सांगते. परदेशात अटकेतल्या भारतीयाने मागितलं तर आपल्या वकिलातीशी संपर्क करून द्यावाच लागतो, १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं ३६ वं कलम आहे ते. परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर तुम्ही घरबसल्या अर्ज टाकू शकता. आणि उरलेली शिक्षा भारतात भोगायला आणायचीही वाट आहे, त्यासाठी आपल्याकडे २००३ चा कायदा आहे आणि ब्रिटनशी २००५ चा करार. दोन्ही सरकारांची आणि मुलाची संमती लागते, वेळ खूप जातो, पण अर्ज तर करून ठेवता येतो. त्यासाठी वेगळं पत्र टाका, मी सविस्तर सांगेन.

मॅडम, माझा भाऊ कच्चा कैदी म्हणून आत आहे. मला एक माणूस फोन करतो, म्हणतो बराकीतल्या टीव्हीचं भाडं महिना पाचशे, फोनपे कर. नाही दिले तर भावाला टीव्हीसमोर बसू देणार नाहीत, संडासाशेजारी झोपायला लावतील. दोन-तीनदा पाठवले. भावाला मुलाखतीत विचारलं तर तो मान खाली घालतो. द्यायचे का नाही? — एक बहीण, जत तालुका

नाही. आजपासून एक रुपया पाठवू नका.

आता नीट सांगते. महाराष्ट्रातल्या जेलात कोठडीनिहाय टीव्ही भाड्याने देण्याची इंग्लंडसारखी पद्धत नाही. आपल्याकडे बराकीत एक सेट असतो, तो शासनाने दिलेला किंवा कुणी दान केलेला, आणि तो बराकीतल्या सगळ्यांसाठी. बराकीतला पंखा नि बल्ब जसा सगळ्यांचा तसा. त्याचं भाडं कैद्याच्या घरच्यांनी कुणाच्या तरी मोबाइल नंबरवर पाठवायचं ही गोष्ट कुठल्याच नियमात बसत नाही. आतल्या माणसासाठी घरून पैसे जातात ते त्याच्या नावावर, जेलच्या प्रायव्हेट कॅश खात्यावर, मनीऑर्डरने किंवा जेलने ठरवून दिलेल्या मार्गाने, त्याची नोंद होते आणि महिन्याला किती पाठवायचे याला मर्यादा असते. २०२१ मध्ये मुंबईच्या आर्थर रोड जेलातल्या एका गाजलेल्या केसमुळे सगळ्या पेपरांत आलं होतं की ही मर्यादा तेव्हा महिना ४,५०० रुपये होती. म्हणजे कितीही मोठ्या घरचा असो, पैसे जाणार ते नोंद होऊनच. नोंद नाही, पावती नाही, तर ते भाडं नव्हे. धमकी देऊन घेतलेला पैसा म्हणजे खंडणी, मग मागणारा आतला असो का बाहेरचा.

दोन शक्यता आहेत आणि दोन्हीला वाट वेगळी. फोन करणाऱ्याचा जेलशी काही संबंधच नाही, त्याने कुठून तरी तुमचं नाव नि नंबर मिळवलाय, असंही असू शकतं, हल्ली असे फोन फार वाढलेत. तसं वाटलं तर १९३० या सायबर हेल्पलाइनला तक्रार करा, पैसे गेल्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, डिलीट करू नका. दुसरी शक्यता, मागणाऱ्यामागे आतलं कुणी आहे. सरकारी नोकर पैसे मागतोय अशी शंका असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर आहे.

पण मला कळतंय की तुमचा हात फोनकडे जाणार नाही, कारण भाऊ आत आहे आणि भीती त्याच्यासाठी आहे. म्हणून सगळ्यात आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. सांगली जिल्ह्याचं असो का साताऱ्याचं, ते जिल्हा न्यायालयातच असतं, कुणालाही विचारा दाखवतील. कोठडीत असलेल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळायचा हक्क आहे, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमात ते स्पष्ट लिहिलंय, त्याला उत्पन्नाची अट नाही. १५१०० वर फोन केलात तरी चालेल. तिथल्या वकिलाला सांगा की भावाला आत जाऊन एकट्याने भेटा. मुलाखतीत जाळीच्या पलीकडे, मागं वॉर्डर उभा असताना, शेजारी दहा माणसं ओरडत असताना तो काय बोलणार? मान खाली घालतो म्हणजेच तो तुम्हाला सांगतोय. वकिलाकडे तो बोलेल. आणि झोपायची जागा बदलली, मारहाण झाली, काहीही झालं तर तारखेला कोर्टात न्यायाधीशांसमोर सांगायचं, त्याच वकिलाकरवी लेखी अर्ज द्यायचा. कोर्टाने नोंद घेतली की आतल्यांचे हात आपोआप आखडतात, हे मी अनेकदा बघितलंय.

नवरा जेलात आहे, घरचा छोटा टीव्ही नेऊन दिला तर चालेल का? ऐकलंय अमेरिकेत घेता येतो. — सातारा

नाही चालणार ताई, गेटवरनंच परत पाठवतील. आपल्याकडे बाहेरून अशी वस्तू आत नेता येत नाही. अमेरिकेचं ऐकलंत ते बरोबर आहे, तिथल्या बऱ्याच जेलांत कैदी स्वतःच्या पैशाने छोटा टीव्ही घेऊ शकतो, पण घरून नाही, जेलच्या दुकानातूनच, आणि त्या टीव्हीची बॉडी पारदर्शक प्लॅस्टिकची असते, आतल्या वायरी, सर्किट सगळं बाहेरून दिसतं म्हणजे काही लपवता येत नाही. आता तिथं टॅब्लेट आलेत आणि काही कंपन्या सिनेमा बघायचे मिनिटावर पैसे लावतात. गरीब घरांना तिकडं हा खर्च जड जातो. आपल्याकडे ते नाही हे बरंच म्हणायचं.

मी निवृत्त शिक्षक. स्पष्ट लिहितो, राग मानू नये. ज्यांनी गुन्हे केले त्यांना टीव्ही कशाला? माझ्या शेजारच्या घरात चोरी झाली, त्या म्हातारीने स्वतःचा टीव्ही विकून कोर्टाच्या चकरा मारल्या. आणि चोर आत बसून मॅच बघणार, आमच्या कराच्या पैशावर. द्यायचाच तर निदान भाडं तरी घ्या. — कऱ्हाड

गुरुजी, राग अजिबात नाही. त्या आजींचं वाचून वाईट वाटलं, त्यांनाही मोफत वकील मिळू शकतो, बाईमाणसाला त्याच १२ व्या कलमात तो हक्क दिलाय, त्यांना माझ्याकडून एवढं नक्की सांगा. पण तुमच्या मुद्द्याशी मी सहमत नाही, आणि का ते जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्यासारखं मनात असणारे खूप आहेत.

पहिली गोष्ट, आत आहे तो गुन्हेगारच हे गृहीत धरू नका. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशभरच्या जेलांत ५ लाख ७३ हजार माणसं होती, त्यातली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. शंभरातले पंचाहत्तर. त्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही, त्यातले कितीतरी उद्या निर्दोष सुटतील, आणि बरेच जण केवळ जामिनाला माणूस किंवा पैसा मिळत नाही म्हणून आत असतात. आणि जेलांत जागा होती त्याच्या १३१ टक्के माणसं होती. म्हणजे शंभर माणसांच्या जागेत एकशे एकतीस, अंगाला अंग लावून, रात्रीचे बारा-तेरा तास बंद. तुम्ही आयुष्यभर वर्ग सांभाळलाय, एका खोलीत कोंडलेल्या नि हाताला काही काम नसलेल्या माणसांचं काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया नाईट नावाच्या संशोधक बाईंनी कैदी नि टीव्ही याच विषयावर बरीच वर्षं काम केलंय. त्यांच्या कामातून एक गोष्ट पुढं येते, की कैदी टीव्हीचा वापर स्वतःचं मन ताब्यात ठेवायला करतात. राग, भीती, घरची आठवण अंगावर आली की काहीतरी लावून बसायचं. ठरल्या वेळेची बातमी, ठरल्या वेळेची मालिका, त्याने दिवसाला आकार येतो. आणि कोठडीत टीव्ही असल्याचा फायदा तिथल्या स्टाफलाही होतो, विंग शांत राहते. आपल्याकडच्या जेलातले जुने शिपाईही हेच सांगतात, बराकीतला टीव्ही बंद पडला की त्या रात्री भांडणं वाढतात.

दुसरी गोष्ट. कोर्टाने दिलेली शिक्षा ही स्वातंत्र्य काढून घेण्याची असते, त्यात जेलरने आणखी शिक्षेची भर घालायची नसते. सुप्रीम कोर्टाने सुनील बत्रा या कैद्याच्या केसमध्ये १९७८ लाच सांगितलंय की जेलच्या दारात माणसाचे मूलभूत हक्क संपत नाहीत. संयुक्त राष्ट्रांचे नेल्सन मंडेलांच्या नावाने ओळखले जाणारे नियम आहेत, २०१५ चे, त्यातला ६३ वा नियम म्हणतो की कैद्यांना जगातल्या महत्त्वाच्या बातम्या कळत राहिल्या पाहिजेत, पेपरातून, रेडिओवरून, कशाही मार्गाने. तुम्ही इतिहास शिकवला असेल तर आठवा, लाहोरच्या जेलात १९२९ ला भगतसिंग आणि जतीन दास यांनी उपोषण केलं तेव्हा चांगलं अन्न, पुस्तकं यांच्याबरोबर रोज एक वर्तमानपत्र मिळावं ही मागणीसुद्धा होती. जतीन दास ६३ व्या दिवशी गेले. बाहेर काय चाललंय हे कळणं आतल्या माणसाला केवढं लागतं हे आपल्या लोकांनी असं प्राण देऊन सांगितलंय. आपल्या सांगलीच्याच जेलातून २४ जुलै १९४३ ला वसंतदादा नि त्यांचे सोबती तटावरून उड्या टाकून निसटले, गोळ्या झेलल्या, त्यातले दोघं गेले. जेलात फक्त चोर असतात असं आपल्या जिल्ह्याने तरी म्हणू नये.

आणि आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर तुम्हाला माहीत असेलच. १९३९ मध्ये औंध संस्थानात, तेव्हाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन, ज्यांना लोक भारतानंद म्हणायचे, यांनी कैद्यांची खुली वसाहत काढली. भिंत नाही, बेड्या नाहीत, कैदी शेती करतो आणि बायकापोरांसह राहतो. खुनाच्या शिक्षेतली माणसं तिथं राहिली नि माणसात आली. ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वी आपल्या दुष्काळी माणदेशात हे होऊ शकलं, आणि आज आपण एका बराकीतल्या एका टीव्हीवरून भांडतोय.

आता भाड्याचं. इथं मी तुमचं म्हणणं उडवून लावत नाही, भाडं घेणं मुळातच चूक असं मी म्हणत नाही. फ्रान्समध्ये कोठडीत टीव्ही आला १९८५ ला, आणि पुढं किती वर्षं प्रत्येक जेलाचं भाडं वेगळं होतं, एका जेलात थोडं तर दुसऱ्यात कितीतरी पट. ओरड झाल्यावर २०१२ पासून सरकार स्वतः चालवतं त्या जेलांत महिना ८ युरो असा एकच दर ठरला. जर्मनीत खाजगी कंपन्या सेट भाड्याने देतात नि त्यांच्या दरावरून कैदी कोर्टात जातात. सगळीकडे अडचण एकच आहे, जिथं दुसरं दुकानच नाही तिथं दुकानदार मागेल तो भाव. म्हणून भाडं घ्यायचं तर दर सरकारने ठरवलेला हवा, भिंतीवर लावलेला हवा, पावती हवी आणि ज्याच्याकडे पैसेच नाहीत त्याचा टीव्ही त्यामुळे जाता कामा नये.

पण आपल्याकडे हे भाडं कोण भरणार सांगा. शिक्षा झालेल्या कैद्याला काम मिळालं तर मजुरी मिळते, ती २०२३ मध्ये वाढवली तरी दिवसाला शंभर रुपयांच्या आतच राहिली. १९९८ च्या गुजरातच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की मजुरी रास्त हवी आणि त्यातला काही भाग ज्याचं नुकसान झालं त्याला द्यायची सोय करा. माझं मत विचाराल तर त्याच्या मजुरीतला पैसा टीव्हीच्या भाड्याला जाण्यापेक्षा तुमच्या शेजारच्या आजींसारख्यांकडे गेला तर मला आवडेल. आणि पंचाहत्तर टक्के कच्चे कैदी, त्यांना मजुरीच नाही. त्यांचं भाडं म्हणजे शेवटी जत-आटपाडीतली शेतमजूर बहीण भरणार, वर छापलंय ते पत्र परत वाचा. ती सध्या भरतेच आहे, कुणाच्या तरी खिशात.

मी निर्दोष सुटलोय. आत असताना बराकीत टीव्ही होता, उंचावर लोखंडी जाळीच्या पेटीत. रिमोट एका जुन्या कैद्याकडे, तो म्हणेल ते लागायचं. आम्ही खेड्यातली पोरं मागं, दिसायचं काहीच नाही, नुसता आवाज. एकदा दोघांची मारामारी झाली तर सगळ्या बराकीचा टीव्ही पंधरा दिवस बंद केला. असं करता येतं का? आता सुटलोय पण आत मित्र आहेत म्हणून विचारतो. — तासगाव

दादा, आधी सुटलात त्याबद्दल मनापासून आनंद वाटला.

मारामारी दोघांनी केली तर शिक्षा दोघांना, तीसुद्धा चौकशी करून, त्यांचं म्हणणं ऐकून. १८९४ च्या जेल कायद्यापासून हे चालत आलंय की जेलातली शिक्षा कोणती देता येते ते ठरलेलं असतं आणि दिलेली शिक्षा रजिस्टरला लिहावी लागते. सगळ्यांना मिळून शिक्षा द्यायला मंडेला नियमातल्या ४३ व्या नियमाने सरळ मनाई केलीय. पंधरा दिवस टीव्ही बंद ठेवला आणि रजिस्टरला ओळसुद्धा नाही, तर तो कुणाच्या तरी मर्जीचा कारभार झाला. मर्जीवरून एक जुनी केस सांगते, मराठी माणसाचीच आहे. प्रभाकर संझगिरी मुंबईच्या जेलात स्थानबद्ध होते, आत बसून त्यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं, सरकार हस्तलिखित बाहेर पाठवू देईना. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि कोर्टाने सांगितलं की स्थानबद्धतेच्या अटींत जे नाही ते बंधन तुम्हाला मनाने घालता येणार नाही. पुस्तकाची ती केस टीव्हीला जशीच्या तशी लागू होते असं नाही, पण त्यातला विचार तुमच्या मित्रांच्या कामाचा आहे.

त्यांनी काय करायचं, तर अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज, चार ओळींचा, मराठीत. जिल्हा न्यायाधीश आणि अभ्यागत मंडळाची माणसं जेलला भेट देतात, ते आले की बोलायचं, त्यांच्यासमोर तक्रार करायचा कैद्याला हक्क आहे. आणि बाहेरून तुम्ही एक करू शकता, दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. बराकीत टीव्ही किती, त्यातले चालू किती, रिचार्जचा खर्च कुठल्या फंडातून होतो, वेळ कोणती ठरलीय, रिमोट कुणाकडे असतो. असे प्रश्न कागदावर गेले की उत्तर देण्यासाठी तरी कुणीतरी बराकीत जाऊन बघतं. रिमोटचं म्हणाल तर मी काही अधिकाऱ्यांना हेच सुचवलंय की बातम्यांची वेळ, मालिकेची वेळ, मॅचची वेळ असा तक्ता करून भिंतीवर लावा आणि बसायची जागा आठवड्याने फिरवा. यात पैसा लागत नाही.

आमच्या गणेश मंडळाने या वर्षी डीजे रद्द करून वाचलेल्या पैशात जेलला मोठा टीव्ही द्यायचं ठरवलंय. कसा द्यायचा? — पलूस

वाचून फार बरं वाटलं, पोरांनो. घाईने दुकानात जाऊन खरेदी करू नका. आधी अधीक्षकांना मंडळाच्या लेटरहेडवर पत्र द्या, की आम्हाला अशी वस्तू द्यायची इच्छा आहे, तुमची गरज काय. कधी कधी टीव्ही असतात पण सेट टॉप बॉक्स बंद पडलेले असतात, रिचार्ज संपलेला असतो, आणि नवा टीव्ही आला की तोही महिनाभरात तसाच मुका होऊन बसतो. म्हणून डीडी फ्री डिशचा बॉक्स आणि छत्री द्या, त्याला एकदाच खर्च येतो, महिन्याचं भाडं नाही, सह्याद्रीही दिसतं. म्हणजे रिचार्जच्या नावाखाली कुणाला आतून पैसे गोळा करायचं निमित्तच उरत नाही. बिल मंडळाच्या नावे घ्या, वस्तू मिळाल्याची जेलची पोच घ्या, वॉरंटी कार्डाची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा आणि दुरुस्तीला येणारा मेकॅनिक कोण ते पत्रातच लिहून द्या. महिलांच्या बराकीत टीव्ही आहे का हे आवर्जून विचारा, तिथं बायका थोड्या असतात म्हणून दानही तिथं कमी पोचतं, आणि काहींसोबत लहान लेकरं असतात. टीव्हीवर मंडळाचं नाव घालायचा आग्रह धरू नका, फोटोही आत काढू देणार नाहीत. पैसे उरले तर मराठी पुस्तकं द्या, पण तीही यादी आधी देऊन.